मान, डोळे, अंगठा आणि झोप: फोन जास्त झालाय हे शरीर कसं सांगतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहूनही देतोय. बोलतो तसंच लिहिलंय, त्यामुळे भाषा थोडी गप्पांची वाटेल, चालवून घ्या.

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, कारण 'मोबाइल कमी वापरा' हे आपण घरी, शाळेत, कॉलेजात आणि लग्नात भेटलेल्या प्रत्येक काकांकडून ऐकलेलं आहे. मी ते सांगणार नाहीये. आज मला फोनबद्दल कमी आणि शरीराबद्दल जास्त बोलायचंय. इंटरनेटचं व्यसन म्हटलं की सगळे मनाबद्दल बोलतात, म्हणजे एकाग्रता, चिडचिड, अभ्यास. पण मन काही कबूल करण्याच्या कितीतरी आधी शरीर तक्रार करायला लागतं, आणि घरी त्या तक्रारीला एकच नाव मिळतं, ते म्हणजे 'आळशी झालाय'.

एक काम करा. आत्ता ऐकताना किंवा वाचताना तुम्ही जसे बसलाय किंवा आडवे पडलाय तसेच थांबा, हलू नका. मान कुठे आहे? खांदे कानाच्या किती जवळ आलेत? डोळ्यांची शेवटची उघडझाप कधी झाली? आता हला. आजचा भाग साधारण याच गोष्टींबद्दल आहे.

आधी 'व्यसन' या शब्दाचं बघू

गंमत अशी की 'इंटरनेटचं व्यसन' हा आजार पहिल्यांदा चक्क विनोद म्हणून मांडला गेला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी मानसिक आजारांच्या जाड्या पुस्तकाची चेष्टा करायची म्हणून या आजाराची खोटीखोटी लक्षणं लिहून काढली. पुढे झालं असं की 'अहो, हे तर मलाच होतंय' म्हणणारी माणसं खरंच पुढे आली. साधारण त्याच सुमारास अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी हा विषय गंभीरपणे अभ्यासायला घेतला आणि २० प्रश्नांची एक चाचणी तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते.

आज परिस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' अधिकृतपणे आला. रील्स, सोशल मीडिया किंवा एकूण इंटरनेट यांच्या व्यसनाला तिथे अजून स्वतंत्र नाव नाही. पण गेमिंगसाठी दिलेल्या तीन खुणा आपल्यालाही उपयोगी पडतात. पहिली, किती वेळ आणि कधी हे आपल्या हातात राहत नाही. दुसरी, बाकीच्या सगळ्या गोष्टींच्या पुढे तीच गोष्ट जाऊन बसते. तिसरी, नुकसान दिसत असूनही माणूस चालूच ठेवतो. आणि हे सगळं साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. म्हणजे परीक्षा संपल्यावर आठवडाभर वेड्यासारखी वेबसीरिज बघितली, तर त्याला कुणी आजार म्हणत नाही.

यात तासांचा आकडा कुठेच नाही, हे लक्षात आलं का? दिवसाला पाच तास फोन म्हणजे व्यसनी आणि चार तास म्हणजे सज्जन, असं काही नसतं. कुणी पाच तास एडिटिंग शिकत असेल, कुणी दोनच तास फोन बघत असेल पण ते रात्री एक ते तीन असतील.

तिसरी खूण मात्र नीट लक्षात ठेवा. नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. हे नुकसान आधी कुठे दिसतं? बहुतेक वेळा शरीरावर. म्हणून आता एकेक अवयव घेऊ.

झोप: सगळ्यात आधी इथे बघा

समजा, एक दहावीतला मुलगा आहे. शाळा सकाळी सातची, म्हणून सहाला उठावं लागतं. रात्री साडेदहाला 'झोपलो' म्हणून दिवा बंद होतो, पण पांघरुणात फोनचा उजेड असतो. प्रत्यक्ष झोप लागते दीड वाजता. म्हणजे साडेचार तास झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. आठच धरले तरी रोज साडेतीन तासांची उधारी. सहा दिवसांत २१ तास झाले, म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक अख्खा दिवस-रात्र झोप कमी.

मग रविवारी तो बारापर्यंत झोपतो आणि घरात महाभारत सुरू होतं. 'बघा, किती आळशी झालाय!' वास्तविक ते शरीर थकबाकी वसूल करत असतं. आणि ही वसुलीही महागात पडते, कारण शरीरातलं घड्याळ दर रविवारी तीन-चार तास पुढे ढकललं जातं आणि सोमवारी पुन्हा मागे ओढलं जातं. दर आठवड्याला विमानाने लंडनला जाऊन परत यावं, तसं काहीसं. सोमवारी पहिल्या तासाला मुलं बाकावर डोकं टेकवतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

आता यात सगळा दोष फोनचाही नाही, हे मोठ्या माणसांनी ऐकायला हवं. वयात येताना झोपेचं घड्याळ निसर्गतःच एक-दोन तास उशिरा सरकतं. दहा वर्षांच्या मुलाला नऊला पेंग येते, सोळा वर्षांच्या मुलाला अकरापर्यंत येत नाही. हा उद्धटपणा नाही, हार्मोन्सचं काम आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं ते आठवी-नववी-दहावीवाले मात्र त्यात आले नाहीत. म्हणजे किशोरवयीन मुलाची झोप आधीच दोन बाजूंनी कापलेली असते, आणि उरलेल्या भागावर फोन येऊन बसतो.

फोन नेमकं काय करतो? अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन वाढायला लागतं. शरीराला 'रात्र झाली' असं सांगणारं ते रसायन. डोळ्यांजवळचा निळसर प्रखर उजेड त्याला मागे ढकलतो. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ निरोगी माणसांना काही रात्री कागदी पुस्तक आणि काही रात्री उजेड फेकणाऱ्या पडद्यावरचं पुस्तक वाचायला दिलं. पडद्यावर वाचल्यावर झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त गेली, शरीराचं घड्याळ साधारण दीड तास मागे पडलं आणि सकाळी पेंगही जास्त राहिली. आणि हे नुसतं पुस्तक होतं बरं का. ना भांडण, ना मेसेज, ना 'तिने माझी स्टोरी बघितली पण रिप्लाय का नाही केला?' या सगळ्याने मेंदू जो जागा होतो, तो हिशोब वेगळाच. म्हणून 'मी तर नाइट मोड लावतो' हे उत्तर अर्धंच आहे. उजेड पिवळा झाला तरी भांडण तसंच राहतं.

खुणा काय? अलार्म तीनदा बंद करूनही उठवत नाही. दुपारी वर्गात किंवा बसमध्ये दोन मिनिटांत डोळा लागतो. सकाळी डोकं जड असतं. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे झोप आलेली असते, डोळे मिटत असतात, फोन एकदा तोंडावर पडलेला असतो, तरी अंगठा वर सरकतच राहतो. हसू नका, सगळ्यांचं झालंय. पण रोज होत असेल तर ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

डोळे

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळ्यांची उघडझाप करतो. पडद्याकडे टक लावून बघताना हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. उघडझाप म्हणजे गाडीच्या काचेवरचा वायपर. तो थांबला की डोळ्यांवरचा पाण्याचा थर सुकतो. मग चुरचुरणं, लाली, वाळू गेल्यासारखं वाटणं, आणि कधीकधी उलट सारखं पाणी येणं.

दुसरी खूण संध्याकाळची. बराच वेळ फोन बघून मान वर केली की लांबची पाटी, बसचा नंबर, फळ्यावरचं अक्षर काही क्षण पुसट दिसतं. जवळचं बघण्यासाठी डोळ्यातला स्नायू आवळलेला असतो, त्याला सैल व्हायला वेळ लागतो.

ही झाली तात्पुरती तक्रार. कायमची गोष्ट म्हणजे लांबचं न दिसण्याचा चष्मा. वाढत्या वयात सतत जवळचं बघणं आणि उन्हात कमी जाणं या दोन्हींमुळे डोळ्याचा गोल लांबट होत जातो, आणि एकदा लांबला की परत आखूड होत नाही. त्यामुळे नंबर वाढतो तो वाढतोच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना हा दोष असेल. यावर एक फुकट उपाय आहे. दिवसाचे दोनेक तास घराबाहेरचा उजेड. कॅरम नाही, मैदान. मैदान नसेल तर निदान गच्ची.

मान, खांदे, पाठ

आपलं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं असतं. मान सरळ असली की हे ओझं मणक्यांवर नीट तोललेलं असतं. मान पुढे झुकली की गणित बदलतं. पाण्याची भरलेली कळशी कडेवर घ्या आणि मग तीच हात लांब करून धरून बघा, फरक कळेल. न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर याचा हिशोब मांडला. त्यात मान ६० अंश झुकली तर मानेवर येणारा जोर सुमारे २७ किलो निघाला. हा आकडा प्रत्येकाला तंतोतंत लागू होत नाही, पण भिंतीला टेकून, हनुवटी छातीला लावून, पोटावर फोन ठेवून बघणं मानेला का झेपत नाही, ते यावरून समजतं.

खुणा अशा: मानेच्या मागे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये ओढ बसणं. डोक्याच्या मागच्या बाजूने सुरू होऊन पुढे येणारी डोकेदुखी. फोटोत खांदे पुढे आलेले दिसणं. आई 'पोक काढून बसू नकोस' म्हणते ना, ती हेच बघून.

अंगठा, मनगट, कोपर

१८९५ मध्ये फ्रिट्झ द कर्व्हां नावाच्या स्विस शल्यचिकित्सकाने अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ होणाऱ्या एका दुखण्याचं वर्णन केलं. पुढे कपडे पिळणाऱ्या बायकांमध्ये, तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांमध्ये ते दिसायचं. आता ते दिवसभर अंगठ्याने स्क्रोल करणाऱ्या आणि गेम खेळणाऱ्यांमध्येही दिसतं. अंगठ्याच्या दोरीसारख्या शिरा, म्हणजे स्नायूबंध, ज्या नळीतून जातात तिथे सूज येते.

घरी बघायचं असेल तर अंगठा तळहातात घ्या, त्यावर मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ आली तर लक्ष द्या. जोर लावू नका, आणि यावरून स्वतःच निदानही करू नका, ते हाडांच्या डॉक्टरांचं काम.

दुसरी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कोपर. कुशीवर झोपून, हात पूर्ण दुमडून तासभर फोन धरला की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कोपराच्या मागून जाणारी शीर ताणली जाते. तीच शीर, जी टेबलाच्या कडेला आपटली की हाताला झिणझिण्या येतात. मुंग्या हात सरळ केल्यावर गेल्या तर ठीक. राहायला लागल्या, पकड सैल झाली, पेन हातातून निसटायला लागलं, तर डॉक्टरकडे जायचं.

कान

हे बहुतेक जण इअरफोन लावूनच ऐकताय, म्हणून थोडक्यात पण नक्की सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पण आवाज ९० डेसिबल केला की मर्यादा येते आठवड्याला फक्त चार तासांवर. आवाज थोडाच वाढवला असं आपल्याला वाटतं, पण वेळ दहापट कमी होतो. एसटीत किंवा लोकलमध्ये बाहेरचा खडखडाट दाबायला आपण आवाज वाढवतो आणि उतरल्यावर कमी करायचं विसरतो. इअरफोन काढल्यावर कानात 'कुईं' असा आवाज राहणं आणि समोरच्याला सारखं 'काय? काय म्हणालास?' विचारावं लागणं, या दोन खुणा. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

पोट आणि वजन

ताटासमोर फोन उभा केलेला असला की दोनपैकी एक होतं. एकतर किती खाल्लं ते कळत नाही आणि वजन वाढतं. नाहीतर 'ही मॅच संपू दे, मग जेवतो' म्हणत जेवणच राहतं आणि वजन उतरतं. म्हणजे वजनाचा काटा कुठल्याही बाजूला विनाकारण हलला तरी विचार करायला हवा. गेम सोडवत नाही म्हणून लघवी धरून ठेवणं, पाणी कमी पिणं, त्यातून बद्धकोष्ठ होणं किंवा लघवीला जळजळणं, हे कुणी बोलून दाखवत नाही पण होतं. आणि संडासात पाऊण तास? बाहेर रांग लागलेली असते, तिथे आपली फक्त रील्स बघण्याची बैठक चाललेली असते.

हालचालीचं तर विचारूच नका. ११ ते १७ वयाच्या मुलामुलींनी रोज निदान एक तास घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगभरात या वयातल्या पाचपैकी चार जणांची तेवढी होत नाही, असं त्यांच्याच पाहणीत दिसलं. दोन जिने चढल्यावर सोळाव्या वर्षी धाप लागत असेल तर ती या यादीत लिहा.

फोन हातात नसताना

आता जरा वेगळी गोष्ट. आत्तापर्यंतच्या सगळ्या खुणा फोन वापरल्याने होतात. काही खुणा फोन नसताना दिसतात, आणि व्यसनाच्या दृष्टीने त्या जास्त बोलक्या आहेत.

२०१७ मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्सी विद्यापीठाच्या आणि इटलीतल्या मिलानच्या संशोधकांनी १८ ते ३३ वयाच्या १४४ जणांचे नाडीचे ठोके आणि रक्तदाब मोजले, इंटरनेट वापरण्याच्या आधी आणि नंतर. ज्यांचा वापर हाताबाहेर गेला होता, त्यांचे ठोके आणि रक्तदाब इंटरनेट बंद केल्यावर सरासरी तीन-चार टक्क्यांनी वाढले, सोबत अस्वस्थताही वाढली. बाकीच्यांचं तसं झालं नाही. तीन-चार टक्के म्हणजे जिवाला धोका अजिबात नाही. पण विचार करा, काहीतरी काढून घेतल्यावर शरीर असं वागतं, ही गोष्ट आपण एरवी कुठल्या संदर्भात ऐकतो? तंबाखू सोडणाऱ्यांच्या, दारू सोडणाऱ्यांच्या.

तुमच्या आयुष्यात हे असं दिसेल: डेटा संपला किंवा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत आहे, तर छातीत धडधड, तळव्यांना घाम, पाय सारखा हलणं. खिशात फोन नसतानाही मांडीवर तो थरथरल्याचा भास. हा भास अधूनमधून बहुतेकांना होतो, घाबरू नका. पण धडधड, चिडचिड, आणि फोन मिळताच दोन मिनिटांत सगळं शांत, असं चक्र रोज दिसत असेल तर ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

थांबा, लगेच निष्कर्ष नको

इथे सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. वरच्या यादीतली चार लक्षणं जुळली म्हणून कुणी व्यसनी ठरत नाही. मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरही नुसत्या मानदुखीवरून असं ठरवत नाहीत. मुलीला सारखा थकवा आहे, तर हिमोग्लोबिन कमी असू शकतं. आपल्याकडे ते फार सामान्य आहे. डोकं दुखतंय, तर साधा चष्म्याचा नंबर असू शकतो. वजन बदललंय, तर थायरॉइड तपासायला हवं. मानदुखी आठ किलोच्या दप्तरामुळेही येते.

आणि कधीकधी गाडी उलट्या दिशेने धावत असते. आधी मन उदास झालं, झोप उडाली, आणि जागेपणी करायला काही नाही म्हणून फोन हातात आला. किंवा ऑनलाइन कुणीतरी त्रास देतंय, फोटोवरून धमकावतंय, म्हणून मूल रात्रभर फोन सोडत नाहीये. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, फोनला चिकटलेले. अशा वेळी आईबाबांनी फोन हिसकावून घेतला तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि सांगायची वाट बंद होते.

मग ओळखायचं कसं? मला एक प्रश्न उपयोगी वाटतो. शरीराने सांगितलं तेव्हा तुम्ही थांबू शकलात का? मान दुखली, फोन ठेवला, उठून फेरी मारली, तर ती फक्त मानदुखी आहे. मान दुखतेय, अंगठा ठणकतोय, उद्या पेपर आहे, थांबायचंय, खरंच थांबायचंय, आणि तरी थांबता येत नाहीये, असं आठवड्यामागून आठवडे होत असेल तर ती मघाची तिसरी खूण झाली.

आणि थांबता आलं नाही तर स्वतःला शिव्या देऊ नका. पूर्वी पान संपायचं, 'पुढे' असं बटण दाबावं लागायचं. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणाऱ्या पानाची कल्पना तयार केली, आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. जेवताना ताटातलं संपतं म्हणून आपण उठतो. हे ताट संपतच नाही. त्यात पुढची रील भारी असेल की टुकार हे माहीत नसतं, आणि हीच अनिश्चितता मेंदूला धरून ठेवते, जुगारासारखी. समोर एवढी तयारी असताना एकट्या इच्छाशक्तीवर लढायचं, हा सामनाच बरोबरीचा नाही. म्हणून नियम आधी बदलायचे.

करायचं काय?

पहिलं, सात दिवसांची वही. कागदाची, ॲप नको. रोज पाच ओळी: झोप खरोखर किती वाजता लागली, उठल्यावर डोकं जड होतं का, आज काय दुखलं, उन्हात किती वेळ होतो, आणि थांबायचं ठरवून थांबता आलं का. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त लिहा. ही वही पुढे डॉक्टरकडे गेलात तर औषधापेक्षा जास्त कामाला येईल.

दुसरं, फोन झोपायच्या खोलीबाहेर. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. छोटं घर आहे, एकच खोली आहे, तर फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्जिंगला लावा. उठून जावं लागलं पाहिजे, एवढंच. एकदम बाराऐवजी दहाला झोपायचं ठरवू नका, जमणार नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. आणि रविवारीसुद्धा उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त सरकू देऊ नका.

तिसरं, डोळ्यांसाठी वीस-वीस-वीस. दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण २० फुटांवरचं काहीतरी बघायचं. समोरच्या इमारतीची टाकी, झाड, काहीही. तेव्हाच मान मागे घ्यायची, खांदे सोडायचे, अंगठे ताणायचे. फोन शक्य तितका डोळ्यांच्या पातळीवर आणायचा.

चौथं, ताटात फोन नाही. सगळ्यांचाच नाही, बाबांचासुद्धा.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२ मध्ये तिथे ग्रामपंचायतीने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरात टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की एकट्या मुलाला शिक्षा नाही, सगळा गाव एकदम थांबतो. आपण काही चुकवतोय ही भीतीच राहत नाही, कारण तेव्हा दुसरं कुणीही ऑनलाइन नसतं. तुमच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये चार जणांनी 'रात्री साडेदहानंतर कुणीही मेसेज टाकायचा नाही' असं ठरवलं, तर तो तुमचा छोटा भोंगाच की.

धाकट्या भावंडाबद्दल किंवा मित्राबद्दल काळजी वाटत असेल तर सुरुवात शरीरापासून करा. 'तू फोनला चिकटलेला असतोस' म्हटलं की भांडण ठरलेलं. 'तुझे डोळे किती लाल झालेत, झोप होते का रे नीट?' यावर कुणी भांडत नाही. पालक ऐकत असतील तर त्यांनाही हेच सांगतो. भर खेळात फोन हिसकावू नका, आणि 'आळशी' हा शब्द महिनाभर बाजूला ठेवून बघा.

मदत कधी आणि कुठे?

बोटांच्या मुंग्या जात नसतील, हातातली ताकद कमी वाटत असेल, एका डोळ्याने अचानक कमी दिसत असेल, ऐकू कमी येत असेल, तर आठवड्याची वही वगैरे काही नाही, सरळ डॉक्टर. झोप, जेवण, अंघोळ, शाळा यातलं काही सुटत चाललं असेल किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र चालू, आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत तर २०१४ पासून फक्त तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक आहे. म्हणजे हा प्रश्न घेऊन जाणारे तुम्ही पहिले नाही, आणि तिथे तुम्हाला कुणी हसणारही नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. रात्री ऐकत असाल तर पुढचा भाग आत्ता लावू नका, उद्या संध्याकाळी चालताना लावा. सात दिवस वही लिहिलीत तर काय दिसलं ते मला नक्की कळवा, नाव न देता पुढच्या भागात त्यावर बोलू. आता मान मागे घ्या, डोळे दोन-चार वेळा मिटा, आणि फोन ओट्यावर ठेवून या.

शुभ रात्री.